कुलपात कुलूप

२०२३ साल. मला बहात्तरावं वर्ष लागलं होतं, आणि त्या मे महिन्यात आमच्या चर्चच्या गेटाला दोन कुलपं पडली. मंडळीच्या भांडणात एक आमच्या बाजूच्या लोकांनी लावलेलं, एक समोरच्या बाजूच्या. त्याच आठवड्यात शुक्रवारी त्या गेटातून माझ्या नातीला, रिबेकाला, लग्नासाठी आत जायचं होतं. आणि सगळ्या मंडळीत बिनचावीचं कुलूप उघडणारा माणूस एकच, तो म्हणजे मी.

मंडळीचा अंक काढणाऱ्यांनी मला सांगितलं, मामा, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, आणि शास्त्रातलं वचन रोजच्या जगण्यात कसं उतरतं तेही लिहा. मी तिसरी शिकलेला माणूस. माझ्यात वचन उतरलं असेल तर ते चाव्यांच्या जुडग्यातूनच उतरलंय. त्यामुळे दोन्ही एकदमच सांगतो. वेगळं काढून सांगायला मला जमणार नाही.

लक्ष्मीपुरीत एका बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर माझी पेटी असते. पेटीला चावी आवळून धरायला एक शिकंजा बसवलाय, वर तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्या लटकतात, आत कानशी. मशीनवर चावी कापणारी पोरं आता गावभर झालीत. मी कानशीनंच घासतो. मशीन चावी बघून चावी काढतं. चावीच हरवली तर मशीन काय बघणार?

शेजारी दस्तगीर बसतो. पूर्वी छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा, आता मिक्सर आणि गॅसच्या शेगड्या. माझं नाव याकोब, पण त्याच्या शेजारी बसतो म्हणून निम्मं गाव मला याकूबचाचा म्हणतं आणि ईदेला मुबारक देतं. मीही घेतो. नाताळ आला की दस्तगीर त्याच लोकांना अडवून सांगतो, "आज चाचांचा सण हाय, आज द्या की मुबारक." माणसं गोंधळून दोघांनाही देऊन जातात.

माझ्या खिशात कायम एक पेन्सिल असते. लोकांना वाटतं म्हातारा हिशेबी आहे. मला लिहायचं असतं कुठं? कुलूप अडकायला लागलं की लोक त्यात खोबरेल ओततात. चार दिवस गुळगुळीत चालतं, मग त्या तेलाला धूळ चिकटून आत चिखल होतो. कुलपाला तेल नको, शिसं पाहिजे. पेन्सिलीचं टोक चावीवर घासायचं, चावी आत-बाहेर करायची, झालं.

कुलपाच्या पोटात पितळेच्या पट्ट्या असतात, एकीवर एक रचलेल्या. प्रत्येक पट्टी आपापल्या उंचीला उचलली गेली की मगच वरची दांडी सुटते. चावी सगळ्यांना एकदम उचलते. मी तारेच्या आकड्यानं एकेकीची समजूत काढतो. डोळ्याचं त्यात काही काम नाही. कुठली पट्टी बसली आणि कुठली अजून रुसलीय ते बोटाला कळतं. चांगलं सात पट्ट्यांचं कुलूप मला दोन मिनिटांचं काम. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकीनंच सांगतोय, पण पुढं त्याचाच सगळा घोर लागला म्हणून सांगावं लागतंय.

असं हाताला सुटतं म्हटल्यावर माणसाला नियम पाहिजे. माझा पहिला नियम, कुलपाचा मालक समोर पाहिजे. भाऊ चालणार नाही, शेजारी चालणार नाही, मालकानं फोनवरून सांगितलं तरी चालणार नाही. दुसरा नियम, कुलूप उघडण्याआधी मी दारावर तीनदा ठोठावतो. बाहेरून कुलूप दिसत असलं तरी.

हा दुसरा नियम माझ्या बायकोनं, एस्तेरनं, लावला. ती सातवी शिकलेली. संध्याकाळी दिवा लावून शास्त्र वाचायची आणि मी कानस चालवत ऐकायचो. एकदा ते ठोठावण्याचं वचन आलं. मागणाऱ्याला मिळतं आणि ठोठावणाऱ्याला उघडलं जातं, असं प्रभू सांगतो ते. मी म्हटलं, हे तर आपल्या धंद्याचंच आहे. तर ती पुस्तकातनं मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तर न ठोठावताच उघडता की. चोरावाणी."

त्या दिवशी मी जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ठोठावायला लागलो.

गिऱ्हाइकं हसतात. आत कोण बसलंय म्हणून ठोठावताय, चाचा? एकदा राजारामपुरीत एका मास्तरांनी बोलावलं. दाराचं कुलूप आपोआप लागलं, चावी आत राहिली, लवकर उघडा म्हणाले. मी तीनदा ठोठावलं, तर आतनं बाईमाणसाचा आवाज, "त्यांना म्हणावं, माझ्या आईला बोललेलं माघारी घ्या, मग दार उघडंल." मास्तर माझ्याकडे बघेनात. मी विचारलं, मालक कोण? मास्तर म्हणाले, घर माझ्या नावावर आहे. मी म्हटलं, कुलपाची मालकीण आत आहे, मला उघडता येत नाही. मग त्यांनी दाराला तोंड लावून शब्द माघारी घेतला, एकदा हळू आणि एकदा शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढा मोठ्यानं. दार आतनं उघडलं. माझा आकडा खिशातच राहिला.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण पुढं ती लागणार आहे. बिद्रीच्या बाजूला एका गावात दोन सख्ख्या भावांची नदीवर एकच मोटर होती. बोलणं बंद. मोटरीच्या खोलीच्या दाराला साखळी, आणि साखळीला दोघांची दोन कुलपं शेजारीशेजारी. म्हणजे दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि दोघं एका वेळी येणार नाहीत. ऊस पिवळा पडत चाललेला. थोरल्यानं मला धाकट्याचं कुलूप काढायला बोलावलं. मी मालक मागितला. धाकटा आला, तो दगड घेऊनच आला. मी म्हटलं, दगड ठेवा पावणं, तुमचं कुलूप कोणी काढत नाही. दोघांना आपापलं कुलूप उघडायला लावलं. मग साखळीच्या एका टोकात थोरल्याचं कुलूप घातलं, दुसऱ्या टोकात धाकट्याचं, आणि दोन्ही कुलपं एकमेकांत अडकवली. कुलपात कुलूप. आता थोरल्यानं आपलं उघडलं तरी साखळी सुटते, धाकट्यानं आपलं उघडलं तरी सुटते. कुणी कुणाची वाट बघायची नाही, कुणाचं कुलूप जायचं नाही. ते दोघं पुढं बोलले की नाही मला माहीत नाही. ऊस मात्र जगला.

आता चर्चचं.

भांडण कशाचं ते मी लिहीत नाही. दोन्ही बाजूंना वकील आहेत, ते लिहितात. एवढंच सांगतो की समोरच्या बाजूचे पुढारी सायमन मास्तर, आणि सायमन मास्तर म्हणजे माझ्या एस्तेरचे सख्खे भाऊ. माझे मेव्हणे. ती गेली तेव्हा आम्ही दोघांनी तिच्या शवपेटीला खांदा दिला होता. पुढं मंडळीच्या एका सभेत मी बोलायला उठलो, तर मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, तिसरी शिकलेल्यांनी कमिटीच्या कामात बोलू नये. मी खाली बसलो. त्यानंतर त्यांच्याशी बोललो नाही. दोन वर्षं झाली होती.

रविवारी उपासनेनंतर गेटात ढकलाढकली झाली. पोलीस आले. साहेबांनी दोन्ही बाजूंना सांगितलं, पुन्हा तक्रार आली तर वर कळवून चर्च सील करायला लावीन. साहेब गेल्यावर मास्तरांच्या माणसांनी गेटाला साखळी घालून कुलूप मारलं. तुम्ही मारलं तर आम्हीही मारतो म्हणून त्याच साखळीला आमच्या माणसांनी दुसरं मारलं. शेजारीशेजारी. बिद्रीसारखंच.

सील ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कळायची नाही. या धंद्यात मी एकाच कुलपाला भितो. ज्याच्यावर फडकं गुंडाळून लाख ओतलेली असते, त्याला. तसल्या कुलपाला चावी नसते, कोर्टाची तारीख असते. एक तारीख गेली की पुढची. पोरं म्हातारी होतात.

सोमवारी सकाळी विल्सन पेटीपाशी आला. विल्सन आमच्या बाजूचा सेक्रेटरी, पोरगा हुशार, तोंडात वचन तयार. बरोबर चार तरणी पोरं. म्हणाला, "मामा, आमचं कुलूप आम्ही काढतो. मास्तरांचं तेवढं तुम्ही काढा. दोन मिनिटांचं काम. नात तुमचीच हाय की."

मी म्हटलं, "मालक कोण?"

"देवाचं घर हाय मामा. मालक देव."

"मग त्येला घिऊन ये."

दस्तगीर शेगडी उलटी करून बघत होता, त्याचा हात थांबला. माझ्या तोंडून काय गेलं ते मला नंतर कळलं. पण विल्सन डगमगला नाही. म्हणाला, पेत्र तुरुंगात होता तेव्हा देवदूत आला आणि लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. तसे तुम्ही देवदूत व्हा. मी म्हटलं, देवदूताला देवानं धाडलं होतं, मला तू धाडतोयस. आणि दारानं न येता दुसरीकडून चढून येणाऱ्याला प्रभू चोर म्हणतो, तेही त्याच शास्त्रात आहे, घरी जाऊन बघ.

त्यातला एक पोरगा म्हणाला, "चालंल. तुमी न्हाय उघडलं तर गुरुवारी रात्री आमी कटर आणतो."

कटर म्हणजे तक्रार. तक्रार म्हणजे सील. त्या दिवशी एका बाईची साधी कपाटाची चावी मी दोनदा चुकवली.

घरी तर आणखी अवघड. रिबेकाचे वडील, माझा मुलगा प्रकाश, कागलच्या एमआयडीसीत कामाला होता. लॉकडाऊनमध्ये गेला. तेव्हा सगळंच बंद, चर्चही बंद. गाडी चर्चवरून गेली, पण थांबली नाही. गेटाबाहेरून आम्ही हात जोडले आणि पुढं गेलो. आता सून म्हणायला लागली, हॉल बघूया. नवरदेवाकडची माणसं गारगोटीची, साधी, समजूतदार. त्यांचा फोन आला, "पावणं, चर्चचं कसं?" मला सारवासारव करता आली असती. पण आमच्या शास्त्रात बोलण्याचाही नियम आहे, व्हय असेल तर व्हय म्हणावं, न्हाय असेल तर न्हाय. मी म्हटलं, "आज तरी न्हाय. कुलूप हाय." मग ते म्हणाले, आमच्याकडं गारगोटीला करूया का? मी म्हटलं, बुधवारपर्यंत सांगतो.

रिबेका दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आज्जा, पप्पाला आत नेता आलं न्हाई. मला तरी नेशील न्हवं?"

तिनं कुलपाचं नाव काढलं नाही. माझ्या हाताकडे मात्र बघितलं.

मंगळवारी भर दुपारी मी चर्चला गेलो. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. खिशात आकडा होता. कशाला होता असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. धंदेवाल्याच्या खिशात असतोच, असं मी स्वतःला सांगितलं. मास्तरांचं कुलूप मी हातात घेतलं. उन्हानं तापलेलं, चटका बसला. सात पट्ट्यांचं, जुन्या घडणीचं, चांगलं कुलूप. अंगठा लावल्याबरोबर कळलं की तिसरी पट्टी ढिली आहे. दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. मनात आलं, उघडावं, लग्न लावावं, परत लावून टाकावं. कुणाला कळणार? मास्तरांना कळलं तरी ते काय म्हणणार? तिसरी शिकलेल्यानं उघडलं म्हणणार.

आकडा बाहेर काढला, आणि सवयीनं हात गेटावर गेला. तीनदा ठोठावलं.

लोखंडी गेट, आत कोणी नाही. आवाज पटांगणातून घुमून परत आला. आणि मी तसाच उभा राहिलो. मला एकदम कळेना, आपण ठोठावलं कुणासाठी? एवढी वर्षं ठोठावताना मालक माझ्या शेजारी उभा असायचा. या कुलपाची चावी ज्याच्याकडे आहे तो माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरात दुपारचा पडला असेल. एस्तेर असती तर मान वर न करता म्हणाली असती, दार चुकलं तुमचं.

आकडा खिशात घातला. परत पेटीवर आलो तर दस्तगीरनं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "उघडलंसा काय, याकोबभाई?" मी म्हटलं, न्हाय. तो म्हणाला, "शाब्बास. मग आता बिद्रीला केलतं तसं करा की." मी म्हटलं, त्याला दोन्ही मालक लागतात. तो म्हणाला, "मग मालकाकडं जावा. का तुमची तिसरीची मार्कशीट हरवलीया?"

एवढं लागट बोलायला शेजारीच लागतो. मी त्याच्याशी न बोलता उठलो आणि केएमटीच्या बसमध्ये बसलो. मास्तरांनी दार उघडलंच नाही तर? उघडून चारचौघांत पुन्हा तेच बोलले तर? दोन वर्षं जपलेला ताठा घेऊन मी परत कुठल्या तोंडानं येणार होतो?

मास्तरांच्या दाराला बेल आहे. मी ती दाबली नाही, ठोठावलं. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. पुन्हा ठोठावलं.

"कोन हाय?"

"कुलूपवाला."

त्यांनी आवाज ओळखला, आणि ओळखल्याचं मलाही कळलं. दार उघडलं नाही. दारामागूनच विचारलं, "तोडलंसा काय, दाजी?"

भांडण झालं तरी मला ते दाजीच म्हणाले. मी म्हटलं, "न्हाय."

"मग कशाला आलाय?"

"मालकाला इचारायला."

"तुमच्या पोरांनी सांगितलं न्हाय व्हय, उघडा म्हणून?"

"सांगितलं."

"दोन मिनिटाचं काम तुमचं. सगळ्या मंडळीला ठावं हाय. रविवारपासनं मी वाट बघालोय, आज उघडतील, उद्या उघडतील. का न्हाय उघडलासा?"

"मालक समोर न्हवता."

मग वरची कडी निघाली. खालची गंजलेली होती, ती दोनदा हिसकल्यावर निघाली. दारात मास्तर बनियनवर उभे, दाढी वाढलेली, गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्याला चावी. लोक क्रूस घालतात तशी. रात्री कोणी चोरेल म्हणून गळ्यातच घालून झोपतात, असं म्हणाले. झोपतात म्हणजे नुसतेच पडतात, झोप कुठली.

मी बसलो नाही. चहा नको म्हटलं. मी काय करायचं ठरवलंय ते सांगायला लागलो, तर शब्द जुळेनात. मग मी अंगठा आणि पहिलं बोट जोडून कडं केलं, त्यांना तसंच करायला सांगितलं, आणि माझं कडं त्यांच्या कड्यात अडकवलं. म्हटलं, हे तुमचं कुलूप, हे आमचं. तुमी उघडलं तरी सुटतंय, आमी उघडलं तरी सुटतंय. मास्तरांना लगेच समजलं. पण त्यांनी बोट काढून घेतलं नाही. आम्ही दोघं म्हातारे भर दुपारी दारात तसेच उभे, हातात हात नाही म्हणता येणार, पण सुटलेलेही नाही.

मग ते म्हणाले, "मी कुलूप उघडल्या उघडल्या तुमची पोरं ढकलून आत घुसली तर?"

"तर मी गेटात आडवा पडंन."

"तुमचा काय भरवसा?"

असं विचारून त्यांनीच मान खाली घातली. मग म्हणाले, "रिबेकाला आत कोण नेणार? प्रकाश तर न्हाय." मी म्हटलं, मी नेणार. ते म्हणाले, "दोन बाजूंनी आपण दोघांनी नेली तर चालंल काय, इचारा तिला." मी इचारतो म्हटलं. सभेतल्या त्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. तो अजून तसाच आहे.

विल्सनला पटवायला मात्र बुधवार गेला. त्याचं म्हणणं, मास्तरांचं कुलूप गेटावर राहिलं म्हणजे आपण हरलो. मी त्याला म्हटलं, तुझ्या कुलपाचा मालक तू. गुरुवारी संध्याकाळी चावी घेऊन येऊन उभा राहा. नाही आलास तर लग्न गेटाबाहेर डांबरावर लावतो, आणि कुणी विचारलं तर तुझं नाव सांगतो. गारगोटीला मी परस्पर कळवून टाकलं, "व्हय." व्हय म्हटलं होतं आणि अजून काहीच झालं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मास्तर आपली माणसं घेऊन आले. विल्सनही आला. पलीकडं गाडीवर ती चार पोरं, एकाच्या मांडीवर पिशवी, आणि पिशवीत काय आहे ते सगळ्यांना माहीत. कोणी कोणाला नमस्कार केला नाही. मी मधे उभा राहिलो आणि साखळीची दोन टोकं दोन हातांत धरली. म्हटलं, दोघांनी एकदम उघडा.

मास्तरांचं सुटलं. विल्सनचं सुटेना. चावी फिरेना, त्याचा चेहरा उतरला. मास्तरांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, मुद्दाम करतोय. पोरं गाडीवरून उतरली. माझे दोन्ही हात साखळीत, हलता येत नाही. मी म्हटलं, "मास्तर, माझ्या खिशातली पेन्सिल काढा."

मास्तरांनी माझ्या खिशातून पेन्सिल काढली. विल्सनच्या हातातून चावी घेतली, त्या चावीवर शिसं घासलं, आणि चावी त्याची त्याला परत दिली. सुटलं.

तेव्हा एक घटका अशी गेली की आमच्या चर्चच्या गेटाला एकही कुलूप नव्हतं. साखळी माझ्या हातात, गेट एवढंसं उघडं, दोन्ही बाजूंची माणसं समोर. कोणीही शिरू शकलं असतं. कोणी हाललं नाही. मी एका टोकात एक कुलूप घातलं, दुसऱ्यात दुसरं, एकमेकांत अडकवली आणि दाबली. दोनदा खट् झालं. मास्तर त्यांच्या वाटेनं गेले, विल्सन त्याच्या. पोरं पिशवी घेऊन गेली.

घरी गेलो तरी जिवाला चैन नाही. दोघांच्या दोन किल्ल्या. पण आधी कोण उघडणार? आपण उघडलं तर आपण वाकलो, असं दोघांनाही वाटलं तर वऱ्हाड गेटाबाहेरच उभं राहणार. पुन्हा एखादं कुलूप अडकलं तर? अडकलं म्हणून सांगितलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात मुंडावळ्या आणि नवरीच्या डोक्यावरच्या वेलाचा घोळ चालू असताना, मी पेन्सिलीला टोक करून एकटाच चर्चला गेलो. ठरवलं होतं, दोन्ही कुलपांच्या तोंडात शिसं घालायचं, आधी त्यांच्या, मग आमच्या, म्हणजे अडकलं म्हणायला कुणाला जागा नको. गेटापाशी पोचलो तर साखळी लोंबत होती. कोणीतरी माझ्याआधी येऊन गेलं होतं. एक कुलूप उघडं होतं, एक बंद होतं.

एवढी वर्षं मी लोकांची कुलपं बघतच जगलो. कुणाचं उघडं, कुणाचं बंद, ते मात्र मी बघितलं नाही. पेन्सिल खिशात घातली, मान वळवून उघड्या गेटावर तीनदा ठोठावलं आणि आत गेलो.